अठ्ठाविसावा दिवस

माझ्या नाकाचं मला स्वतःला कधी कौतुक वाटलं नाही. बाकीच्यांना फार. शेजारच्या दुकानातला न्हावी नवीन माणसाला माझी ओळख करून देताना आधी नाकाची करून देतो आणि मग माझी. पण खरं सांगू का, असलं नाक काय कामाचं? तीन खोल्यांपलीकडे दूध करपायला लागलं की मला इथे बसून कळतं, आणि समोरच्या माणसाला आपण किती दुखावलंय ते कळायला मला चौदा महिने लागले.

नाकावरच पोट भरलं मी. पंचविशीत एका मोठ्या बीअरच्या कारखान्यात लागले, प्रयोगशाळेत. खाली तळघरात टाक्या, वर आम्ही. शिपाई ट्रेमध्ये नमुन्यांचे ग्लास घेऊन यायचा, प्रत्येकावर नंबर चिकटवलेला. वास घ्यायचा, एक घोट घ्यायचा, उरलेलं सिंकमध्ये ओतायचं आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचं. त्याच तळघरात काम करणाऱ्या एका माणसाशी मी लग्न केलं. चार वर्षांनी दोघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले आणि एक बंद पडलेली लॉन्ड्री घेतली. लॉन्ड्रीच का, तर तिथल्या फरशीला आधीच उतार होता आणि मधोमध पाणी जायला लोखंडी जाळी होती. बीअर करायची म्हणजे दिवसभर धूतच बसायचं असतं, हे बाहेरच्याला माहीत नसतं. पुढे सात टेबलं आणि एक काउंटर, मागच्या थंड खोलीत तीन टाक्या, आणि वर दोन खोल्यांत आम्ही दोघंच.

बीअर एकच करतो. जर्मन पद्धतीची, हलकी, सोनेरी. काउंटरवर नळ मात्र दोन आहेत. दुसऱ्याला कधी काही जोडलंच नाही. तो कशाला, असं कुणी विचारलं की नवरा म्हणायचा, "पहिला रुसला तर असावा एक." चोवीस वर्षांत पहिला काही रुसला नाही. दुसरा मी नुसता पुसून लख्ख ठेवायचे.

ही सोनेरी बीअर दिसायला साधी, पण करायला महाखट. काळ्या बीअरमध्ये भाजलेल्या माल्टखाली चार चुका खपून जातात. हिच्यात लपायला जागाच नाही. पाणी, मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट, कडवटपणासाठी थोडी हॉप्सची फुलं आणि आंबवायला यीस्ट, संपलं. जे चुकलं ते ग्लासात चारचौघांसमोर उभं राहतं. म्हणून हिला थंडीत झोपवायची असते, चांगली पस्तीस दिवस. आम्ही 'झोपवणं'च म्हणतो. झोपण्याआधी तिला एक वास असतो, आगकाडी ओढल्या ओढल्या नाकात जातो ना, तसा. झोपेत तो हळूहळू जातो. अठ्ठाविसाव्या दिवशी थोडा असतो, पस्तिसाव्या दिवशी नसतो. आठ दिवस कळ काढायची, एवढंच काय ते.

आणि माझा नवरा, उभं आयुष्य तळघरात काढलेला माणूस, दर वेळी अठ्ठाविसाव्या दिवशी टाकी उघडून पिंपं भरायचा.

मी काय काय नाही केलं! समजावलं, ओरडले, कॅलेंडरवर लाल पेनाने गोल काढले. तो ऐकून घ्यायचा. मग मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा. टाकीला हात लावण्याआधीची त्याची ही सवय. घड्याळ खिशात गेलं की समजायचं, आता ब्रह्मदेव आला तरी हा थांबत नाही. पहिला ग्लास काढून माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे."

"नापास," मी म्हणायचे.

"बरं," तो म्हणायचा.

"कच्ची आहे रे! तुला कसली घाई झालीय? गाडी सुटतेय का कुठली?"

तो नुसता हसायचा. आणि मी बडबडत बडबडत तो ग्लास संपवायचे, कारण एवढ्या कष्टाची बीअर फेकून द्यायला माझा हात होत नाही. मी ग्लास खाली ठेवला की तो उचलून तळ बघायचा आणि खुशीत धुवायला न्यायचा. दर टाकीला हेच. मला वाटायचं, याला मला चिडवण्यातच मजा येते.

चौदा महिन्यांपूर्वी एक हॉटेलवाला आला. मोठी ऑर्डर देणारा. मी टेबल पुसलं, स्वच्छ ग्लास पुन्हा धुतला, नवऱ्याला सांगितलं की याच्यासाठी तरी या वेळी थांब. थांबला असता तर तो माझा नवरा कसला? हॉटेलवाल्याने एक घोट घेतला, नाकाला रुमाल लावला आणि सातही टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं, "आत कुणी अंडी उकडतंय का?"

लोक हसले. न्हावीसुद्धा हसला. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. मी मागे गेले आणि टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. हजार लिटर. फेस फरशीवरून उताराने जाळीकडे निघाला, माझे घोटे बुडाले, खोलीभर तो काडीचा वास. तो आत आला. त्याचं घड्याळ खिशात होतं, पुढे होऊन त्याने व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. केला नाही. दारात उभा राहून त्याने फक्त विचारलं, "तुलाही नको?"

"कुणालाच नकोय ही घाण," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, ते त्या दिवशी फार महाग पडलं.

टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागली. तो शेवटपर्यंत उभा होता. मग त्याने खिशातून घड्याळ काढलं, हातात घातलं, वर जाऊन एक बॅग भरली आणि बसने बहिणीच्या गावाला गेला. दोन तासांचं अंतर. तिथे फळांच्या रसाच्या कारखान्यात लागला, असं कळलं. मी म्हटलं, येईल आठ दिवसांत. नाही आला. मग म्हटलं, आपण का फोन करायचा? चूक कुणाची? कच्ची बीअर कोण काढतं? असं रोज सकाळी स्वतःला विचारत मी एकटीने टाक्या धुवायला लागले.

आता पस्तीस म्हणजे पस्तीस. बीअर अशी झाली की प्रयोगशाळेतल्या माझ्या साहेबांनी उठून हात मिळवला असता. पहिल्या घोटाला ताज्या पावाच्या सालीची चव, मध्ये किंचित गोडवा, शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला एवढासा कडवटपणा, आणि मग तोंड स्वच्छ. दुसरा घोट आपोआप घेतला जातो. न्हावी म्हणाला, "वहिनी, आता खरी बीअर झाली!" टेबलं भरायला लागली. तो हॉटेलवालासुद्धा परत आला आणि दर आठवड्याला पिंपं न्यायला लागला. चोवीस वर्षं मी जे ओरडत होते ते खरं ठरलं. जिंकले मी.

आणि रोज सकाळी अकरा वाजता, दुकान उघडण्याआधी, नळाचा पहिला ग्लास घेऊन मी काउंटरशी बसायचे, एक घोट घ्यायचे आणि मला रडू यायचं. मेली बीअर चांगली झाली म्हणून रडणारी बाई जगात मीच एक असेन.

कारण काय ते मला एका नमुन्याने दाखवलं. मधल्या टाकीच्या पोटाशी नमुना काढायचा छोटा नळ आहे, तो ठिबकतो. नवऱ्याने तो दुरुस्त करायचं किती वेळा कबूल केलं होतं. मी त्याच्याखाली कप ठेवते. तो गेल्यावरची पहिली टाकी होती, चौथा आठवडा संपत आला होता. मी कप उचलला, नाकाजवळ नेला, आणि चटकन मागे वळून पाहिलं. मला वाटलं, तो दारात उभा आहे. कुणी नव्हतं. कपात तो काडीचा वास होता, एवढंच.

मग माझं एक वेड सुरू झालं. प्रत्येक टाकीचा अठ्ठाविसावा दिवस आला की मी वरून त्याचा जुना कोट घालून खाली यायचे, थंड खोलीत स्टूल टाकायचे आणि कप हातात धरून बसायचे. दुसऱ्या दिवशी वास थोडा कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. दर टाकीत आठ दिवस तो घरात असायचा आणि मग जायचा. पस्तिसाव्या सकाळी मी कपात नाक खुपसून बसायचे आणि काही म्हणजे काही यायचं नाही. मग डोळे पुसून पिंपं भरायची, कारण लोकांना तीच हवी असते.

चौदा महिने मी हे केलं. फोन मात्र केला नाही. आहे की नाही कमाल?

गेल्या गुरुवारी नणंद आली, नवरा जिच्याकडे राहत होता तीच. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, घरात तिला सगळे बारकी म्हणतात. बारकी आता पन्नाशीची, ऐंशी किलोची, आणि तिकडेच बस चालवते. दारातून आत येतानाच ती हॉर्न दिल्यासारखी बोलते. "वहिनी, आज सुट्टी आहे माझी, गाडी दुसरा चालवतोय. मला एक मोठा ग्लास दे आणि खारे दाणे दे. मग तुला एक बातमी देते, ती तुला आवडणार नाही."

मी ग्लास तिरपा धरून भरला, फेस बसू दिला, वर पुन्हा थोडी घातली. तिने एका दमात अर्धा केला आणि ओठावरचा फेस मनगटाने पुसला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही तुझी आहे. दादाची नाही."

"बातमी सांग."

"शनिवारी संध्याकाळी निघालाय तो. लांब. कुठल्या तरी मोठ्या कारखान्याचं तळघर सांभाळायला. तीन वर्षांचा करार आहे."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तीन वर्षं! दोन तासांवर आहे, बसने जाता येतं, या एका गोष्टीवर मी चौदा महिने ढकलले होते. गेले नव्हते, पण जाता येत होतं.

"जाऊ दे," मी म्हणाले. "तिथेही अठ्ठाविसाव्या दिवशी टाकी उघडेल आणि एकोणतिसाव्या दिवशी हाकलतील त्याला."

"नाही उघडणार," बारकी दाणे तोंडात टाकत म्हणाली. "तिथे तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझ्यासाठीच उघडायचा ना तो लवकर. तुलाच तशी आवडायची."

"मला? कुणी सांगितलं?"

"अगं, कारखान्यात असताना एकदा चिठ्ठी चुकीची वाचून अठ्ठावीस दिवसांचा नमुना घेऊन तो स्वतःच वर आला होता ना? तू नापास लिहिलंस आणि पूर्ण ग्लास पिऊन टाकलास. वर म्हणालीस, 'मला मात्र आवडली, पुन्हा आणाल का?' त्या रात्री घरी येऊन त्याने आम्हाला जेवू दिलं नाही. आईला सारखं तेच सांगत होता. 'ती नापास लिहिते आणि ग्लास रिकामा करून परत देते.' मग दर अठ्ठाविसाव्या दिवशी जायचा की नाही तुझ्याकडे ग्लास घेऊन? इथेही तेच. आम्ही म्हणायचो, अरे लोक नावं ठेवतात. तर म्हणायचा, ठेवू देत, तिची सवय आहे, तोंडाने नापास म्हणते, पण ग्लासात थेंब ठेवत नाही."

मी काउंटरला धरून खाली बसले. बारकी घाबरली, वाकून बघायला लागली.

आठवलं. सगळं आठवलं मला. दारात ट्रेशिवाय उभा राहिलेला, कान लाल झालेला तो माणूस. चुकीचा नमुना आणल्याबद्दल तीनदा माफी मागणारा. अठ्ठाविसाव्या दिवसाचा नमुना प्रयोगशाळेत कुणी मागवत नाही, आणि मागवला तर तो शिपाई आणतो. हा माणूस पुन्हा वर यायचा तर त्याला काहीतरी कारण हवं होतं. अगं बाई, बीअर कुणाला आवडली होती! ती कच्चीच होती, नाक मुरडावं इतकी कच्ची. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि पुन्हा आणा म्हणाले, ते तो परत यावा म्हणून. लग्न झालं, तो रोजच समोर दिसायला लागला, आणि मी तो डाव साफ विसरून गेले. तो नाही विसरला. माझ्यासाठी म्हणून त्याने चोवीस वर्षं लोकांकडून नावं ऐकून घेतली, आणि मी त्याला घाईचा, हट्टी, डोक्याने कमी, काय काय म्हटलं. आणि शेवटी ती त्याच्या देखत जाळीत सोडली. तुलाही नको, असं त्याने विचारलं होतं. त्या प्रश्नाचा अर्थ मला आज कळत होता.

"वहिनी, रडतेस का हसतेस?" बारकीने विचारलं.

"दोन्ही. तुला काय करायचंय? फोन दे तुझा. माझा नंबर बघून तो उचलायचा नाही."

तिने लावून दिला. पलीकडून तो म्हणाला, "बोल बारके."

"बारकी नाही. मी आहे," मी म्हणाले. त्याने फोन ठेवला नाही. मी एका दमात बोलून टाकलं. "मधली टाकी शनिवारी अठ्ठावीस दिवसांची होतेय. मी शनिवारी उघडणार आहे."

 मग तो म्हणाला, "पस्तीस भरू देत की."

"नाही भरू देणार. तीन वाजता ये."

"का?"

"ये, मग सांगते."

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बारकीने उरलेला ग्लास संपवला आणि म्हणाली की दादाचा 'बघतो' म्हणजे काय हे तिलाही पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

शनिवारी मी सकाळी सहाला उठले. मधल्या टाकीतून एक पिंप भरलं. दुसऱ्या नळाची नळी काढून दोनदा धुतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पिंप जोडलं. पहिल्या नळाला नेहमीची पस्तीस दिवसांची होतीच. दुपारी न्हावी आला, दुसऱ्या नळाखाली ओघळलेले थेंब बघून त्याचे डोळे चमकले.

"अरे वा, नवीन काय? मला द्या."

"ते तुमच्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"तुम्ही तुमची कात्री सांभाळा," मी म्हणाले. तो शहाणा माणूस आहे, आपला ग्लास घेऊन खिडकीपाशी गेला.

तीन वाजले. सव्वातीन झाले. बसथांबा आमच्या खिडकीतून दिसतो. एक बस आली, तिच्यातून दोन बायका उतरल्या. मी काउंटर तिसऱ्यांदा पुसलं. साडेतीनची बस आली आणि गेली, आणि ती हलल्यावर मागे तो दिसला. खांद्याला तीच बॅग, पण आज गच्च भरलेली. इस्त्रीचा शर्ट. पायात नवे बूट, नव्या नोकरीसाठी घेतलेले. इथूनच परस्पर निघायचं ठरवून आला होता, हे मला बघता क्षणी कळलं. तो बारीक झाला होता.

आत येऊन तो काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. चोवीस वर्षांत तिथे तो कधी बसला नव्हता. न्हाव्याने खिडकीपाशी बसूनच हात केला आणि बाहेर बघायला लागला.

"सहाची गाडी आहे माझी," तो म्हणाला.

"बरं."

मी दुसऱ्या नळाचा दांडा ओढला. दोनदा नुसता फेस आला, तो ओतला. मग ग्लास भरला, थांबले, पुन्हा भरला, थांबले, शेवटी वर फेसाची टोपी बसवली.  ग्लास त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घे."

त्याने आधी दुसऱ्या नळाकडे पाहिलं. मग ग्लास उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला. माझ्यापर्यंत वास आलाच होता. त्याने एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

"हो."

"तू काढलीस?"

"मीच."

"आवडते म्हणून?"

"मला ती कधीच आवडली नाही," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला, पण आता मी थांबणार नव्हते. "एकदाही नाही. पहिल्या दिवशीही नाही. कच्ची होती, नाकात जात होती, आणि मी नापास लिहिलं ते खरं लिहिलं होतं."

"मग तो ग्लास..."

"तू परत यावास म्हणून संपवला मी तो. दुसरं काय निमित्त होतं माझ्याकडे? तू तळघरात, मी वर. मग लग्न झालं आणि मी विसरले, आणि तू वेड्यासारखा तेच करत बसलास, आणि मी तुला शिव्या देत बसले. एका शब्दाने विचारायचं होतंस रे! आणि मीही विचारायला हवं होतं. ती टाकी सोडली ना, ते माझं चुकलं. फार चुकलं. चौदा महिने मी या वासासाठी मागे थंड खोलीत जाऊन बसतेय."

एवढं मी त्याच्याशी आयुष्यात एका दमात बोलले नसेन, शिव्या सोडून. तो ग्लासाकडे बघत राहिला. कान लाल झाले होते, अगदी तेव्हासारखे.

"म्हणजे चोवीस वर्षं," तो हळूच म्हणाला, "मी कच्ची बीअर विकली."

"विकलीस."

"मला तरी कुठे आवडायची ती!" तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आठ दिवस थांबलो तर काय बीअर होईल ही. जीव तुटायचा माझा."

मी तोंडावर हात ठेवला. खिडकीपाशी न्हावी ठसका लागल्यासारखा खोकला. मला एकदम खूप हसू आलं, आणि तेवढ्यात त्याने पुन्हा एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आणि बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"तरी आज काढायला नको होतीस," तो म्हणाला. "आठ दिवस कमी पडलेत हिला."

"पिंपात एवढीच आलीय," मी म्हणाले. "टाकीत बाकीची सगळी आहे. आठ दिवसांनी होईल ती. तू कधी आपली इथली पस्तीस दिवसांची प्यायलाच नाहीस. तेवढी पिऊन जा."

"सहाची गाडी आहे."

"आठ दिवस राहा," मी म्हणाले. "फक्त आठ दिवस. मग जायचं तर जा, मी बॅग उचलून बसपर्यंत येईन."

 त्याने मनगट वळवून घड्याळात पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं, आता हा उठणार. तो उठला. बॅग स्टुलाखाली सरकवली. मग पट्टा सैल करून घड्याळ मनगटावरून काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि काउंटरला वळसा घालून मागे गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, "अगं, हा नळ अजून ठिबकतोच आहे!"

"ठिबकणारच," मी ओरडून म्हणाले. "तो कुणी दुरुस्त करायचा होता?"

त्याचा ग्लास काउंटरवर होता, अर्ध्याहून जास्त उरलेला. मी तो उचलला. काडीचा तो वास नाकात गेला. कच्ची होती, नापासच होती. मी उभ्या उभ्या ती सगळी प्यायले आणि ग्लासात थेंब ठेवला नाही.